जनावरांची सेवा, बायबल आणि तारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याच्या पेडणे तालुक्यात, मांद्रेच्या किनाऱ्यापासून थोडं आत, आम्ही पाच-सहा घरची माणसं दर रविवारी चार वाजता कुणाच्या तरी सोप्यावर (ओसरीवर) बसून मराठी बायबल वाचतो. वाड्यावरच्या कुत्र्यामांजरांचं औषधपाणीही हळूहळू याच माणसांकडे आलं. दोन्ही कामं एकाच सोप्यावर चालतात, त्यामुळे प्रश्नही दोन्हीकडून येतात. ख्रिस्ती लोक विचारतात, यात कुत्री कुठून आली? कुत्रेवाले विचारतात, यात बायबल कुठून आलं? तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला म्हणून लिहून काढलं. मी फादर नाही, पशुवैद्यही नाही. वीसेक सीझन शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांबू-झावळ्यांच्या हॉटेलाच्या, चुलीपाशी काढलेला माणूस आहे. आई वेंगुर्ल्याची प्रोटेस्टंट, बायको बार्देसची कॅथलिक, त्यामुळे घरात बायबलंही दोन आहेत.

'तारण' म्हणजे नेमकं काय म्हणता तुम्ही?

म्हापशाच्या बाजारात फिरलात तर 'सोने तारण कर्ज' अशा पाट्या दिसतात. मराठी ख्रिस्ती मूल हा शब्द आधी चर्चमध्ये ऐकतं, पापातून सुटका या अर्थाने, आणि मोठेपणी बँकेत. अर्थ वेगळे आहेत, पण मला ते एकमेकांपासून फार लांब वाटत नाहीत. आपली एक वस्तू कुठेतरी अडकून पडली आहे आणि ती सोडवून आणायची आहे. बायबलातला विचारही असाच व्यवहारी आहे: किंमत मोजून सोडवणं. निर्गम १३:१३ उघडा (म्हणजे बायबलातलं निर्गम हे पुस्तक, अध्याय १३, वचन १३). गाढवीचं पहिलं शिंगरू कोकरू देऊन सोडवून घ्या, असं तिथे सांगितलंय आणि लगेच त्याच वचनात, तुमचा पहिला मुलगाही सोडवून घ्या. शिंगरू आणि मुलगा एका ओळीत.

(शिंगरू सोडवलं नाहीत तर त्याची मान मोडा, असंही तिथेच आहे. जुना करार साखर घालून वाचायची आमच्याकडे पद्धत नाही. आणि त्या कोकराचं काय, हा प्रश्न आमच्यातल्या एका नववीतल्या मुलीने लगेच टाकला होता. त्याकडे पुढे येतो.)

म्हणजे कुत्र्यांना खाऊ घातलं की पापं फिटतात?

नाही. हे उत्तर मी आधी सौम्य शब्दांत द्यायचो, आता देत नाही. इफिसकरांस पत्र २:८-९ स्वच्छ सांगतं की तारण कृपेने आहे, कर्माने नाही, म्हणजे कुणी फुशारकी मारायला नको. रोज कुत्र्यांना भात वाढणाऱ्याला फुशारकी किती लवकर चढते, हे मी स्वतःवरून सांगतो. दुसरीकडे याकोब २:१७ म्हणतं, क्रियांवाचून विश्वास मेलेला. या दोन वचनांवरून माणसं चारशे-पाचशे वर्षं भांडतायत. आमच्या सोप्यावर ते भांडण जक्कयाच्या, म्हणजे येशूला बघायला झाडावर चढलेल्या लुबाड्या जकातदाराच्या, गोष्टीने मिटतं (लूक १९). आधी येशू त्याच्या घरी उतरला. लुबाडलेलं चौपट परत करायचं जक्कयाला त्यानंतर सुचलं. चौपट परत केलंस तर येतो, असं येशूने झाडाखाली उभं राहून सांगितलं नव्हतं.

तुम्ही या वाटेला कसे लागलात?

माझ्या हातून एक गोष्ट घडली म्हणून. एका वर्षी शॅकच्या मागे व्यालेल्या कुत्रीचं एक पिल्लू मी ठेवून घेतलं. तांबूस, एक कान कायम पडलेला. गिऱ्हाइकांना ती आवडायची. समोरच्या दोन टेबलांवरची पोरं तिच्यासाठीच परत यायची. मला तेवढंच हवं होतं. मे अखेरीस नेहमीप्रमाणे शॅक उतरवला. बांबू, झावळ्या, ताडपत्री, सगळं टेम्पोत. ती टेम्पोमागे वळणापर्यंत धावली. मी मागेच बसलो होतो, बांबू धरून. ड्रायव्हरला थांब म्हणालो नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात राहिलेलं काही सामान आणायला किनाऱ्यावर गेलो. पाऊस धो धो. चुलीशेजारच्या खांबाच्या खड्ड्यात पाणी भरलेलं आणि त्याच्या कडेला ती बसलेली, जिथे स्वयंपाकघराचं दार असायचं तिकडे तोंड करून. दार नव्हतंच. खिशात बिस्किटाचा अर्धा पुडा होता, तो दिला आणि निघून आलो. मी भाड्याच्या खोलीत राहत होतो, मालक कुत्रं ठेवू देत नव्हता, हे खरं. पण ठेवू दिलं असतं तरी सीझन संपल्यावर ती मला नकोच होती, हेही खरं. ऑक्टोबरात परत गेलो तेव्हा ती तिथे नव्हती.

पुढे काही वर्षांनी आई अंथरुणाला खिळली आणि तिला मी रोज थोडं वाचून दाखवायचो. योनाचं पुस्तक चार अध्यायांचं, दोन दिवसांत संपलं. शेवटच्या वचनात देव योनाला विचारतो की या निनवेत एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं, मग मला कळवळा येऊ नये काय? आई म्हणाली, "पुढे?" म्हटलं, पुढे काही नाही. "गुरांवर संपलं?" असं म्हणून ती हसली आणि झोपली. मला त्या रात्री तो खड्डा दिसत राहिला.

बायबलात जनावरामुळे माणूस पापातून वळल्याची गोष्ट आहे का?

आहे, आणि ती रविवारच्या शाळेत विनोद म्हणून सांगितली जाते, याचं मला वाईट वाटतं. बलामाची गाढवी, गणना अध्याय २२. बलाम इस्राएलाला शाप द्यायच्या सुपारीवर निघालाय. वाटेत देवदूत उपसलेली तलवार घेऊन उभा. तो गाढवीला दिसतो, देवाचा माणूस म्हणवणाऱ्या बलामाला दिसत नाही. गाढवी आधी शेतात शिरते, मग मळ्यांमधल्या चिंचोळ्या वाटेत भिंतीला घासते आणि बलामाचा पाय चेंगरतो, शेवटी खाली बसते. तिन्ही वेळा मार खाते. मग तिला वाचा फुटते. ती शाप देत नाही, एवढंच विचारते की इतकी वर्षं तू माझ्यावर बसत आलास, मी कधी असं वागले का? बलाम म्हणतो, नाही.

त्यापुढचं कुणी वाचत नाही. देवदूत त्याला आधी विचारतो, गाढवीला तीनदा का मारलंस? ती वळली नसती तर मी तुला मारून टाकलं असतं आणि तिला जिवंत ठेवलं असतं. तेव्हा बलामाच्या तोंडून येतं: मी पाप केलं. तलवारीपासून त्याला वाचवलं ते त्याच्याच हातचा मार खाणाऱ्या जनावराने. (बलाम पुढे सुधारला, असं मात्र समजू नका. त्याचा शेवट वाईट झाला.)

दुसरी गोष्ट दाविदाची. बथशेबेच्या नवऱ्याला मारवल्यावर नाथान संदेष्टा राजापुढे येतो आणि एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो. ती त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या पेल्यातलं प्यायची, त्याच्या कुशीत निजायची. श्रीमंत शेजाऱ्याने ती पाहुण्यासाठी कापली. एवढे दिवस ज्याला माणसाच्या खुनाचं काही वाटलं नाही, तो राजा एका मेंढीसाठी संतापाने पेटतो. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. मेंढराच्या वाटेने आत शिरलेला बाण. दाविद मेंढपाळ होता हे नाथानाला बरोबर ठाऊक होतं.

पण देवानेच माणसाला पशुपक्ष्यांवर 'सत्ता चालवा' सांगितलं ना?

सांगितलं, उत्पत्ति १:२८. पुढची दोन वचनं वाचायची तसदी घ्या: माणसाला बी आणि फळं, पशुपक्ष्यांना हिरवा पाला. ज्या सत्तेत कापून खायची परवानगीदेखील अजून आलेली नाही, ती कसली सत्ता असेल? मूळ हिब्रूतलं तेच क्रियापद यहेज्केल ३४:४ मध्ये पुन्हा येतं, आणि तिथे देव मेंढपाळांना झाडतोय: दुबळ्याला बळ दिलं नाहीत, जखमीला पट्टी बांधली नाहीत, हरवलेलं शोधलं नाहीत, जुलमाने सत्ता चालवलीत. म्हणजे सत्ता वाईट कशी चालवायची याची व्याख्या बायबलातच दिली आहे. आमच्याकडे पट्ट्या, कापूस आणि जखमेतले किडे काढायचा चिमटा ज्या डब्यात असतो, त्याला आमच्यातल्या एकाने थट्टेने 'चौतीस-चार' नाव दिलं, ते चिकटलं.

ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्या जनावराचं काय?

हा प्रश्न गोव्यात फार खरा आहे. एका बांधावरून, एका माडावरून दोन-दोन पिढ्या कोर्टात जाणारी घरं प्रत्येक वाड्यावर सापडतील. आमचंही एक आहे. शेजाऱ्याशी सीमेचा खटला, सोळा वर्षं बोलणं बंद.

निर्गम २३:५ म्हणतं, तुझा द्वेष करणाऱ्याचं गाढव ओझ्याखाली पडलेलं दिसलं तर त्याला तसंच टाकून जाऊ नको, त्याच्याबरोबर ते सोडव. यातला 'त्याच्याबरोबर' हा शब्द मी कित्येकदा वाचून पुढे गेलो होतो.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात पहाटे आमच्या विहिरीतून आवाज यायला लागला. टॉर्च मारली तर शेजाऱ्याचा काळा कुत्रा, पाण्यातल्या दगडाच्या कपारीला पुढचे पाय लावून. पावसाने पाणी वर आलं होतं, तरी दहा-बारा हात खाली. मी टोपलीला दोर बांधून सोडली. कुत्रा टोपलीला घाबरून उलटा फिरायचा. तो मला ओळखत नव्हता, नव्हे, मी दगड मारणारा म्हणूनच ओळखत होता. त्याला ज्याचा आवाज कळतो तो माणूस हवा होता. कुंपणापाशी जाऊन हाक मारली. सोळा वर्षांत तोंडून नाव बाहेर पडलं नव्हतं, ते पडलं. शेजारी लुंगीवरच आला. त्याने वरून नाव घेतलं, कुत्रा टोपलीत चढला, दोर आम्ही दोघांनी ओढला. ओला दोर, माझ्या हातामागे त्याचा हात. वर आल्यावर कुत्र्याने आमच्या दोघांच्या अंगावर पाणी झाडलं. शेजारी "बरं" म्हणाला आणि गेला.

खटला अजून चालू आहे. तारखेला आता एकाच रिक्षाने जातो.

भूतदया तर आमच्या संतांनीही सांगितली. यात ख्रिस्ती ते काय?

हिंदू शेजाऱ्यांचा लाडका प्रश्न, आणि रास्त. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी ओतणारे एकनाथ आणि कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव मी शाळेच्या पुस्तकातच वाचले. ते माझेही आहेत. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाला त्यांच्याकडे पाठ फिरवायचं कारण नाही. इथेच साष्टीत राहून फादर थॉमस स्टीफन्सने येशूची कथा मराठी ओवीत लिहिली आणि ती १६१६ मध्ये रायतूरला छापली गेली. ओवी तीच, देव कुठला ते तुम्ही ठरवा.

फरक विचाराल तर माझ्या मते तो इथे आहे. नामदेवांना कुत्र्यात विठ्ठल दिसतो. बायबल जनावरात देव बघायला सांगत नाही. देवाने त्याच्याशी केलेला करार बघायला सांगतं. जलप्रलयानंतर उत्पत्ति ९ मध्ये देव नोहाशी, त्याच्या वंशाशी आणि तारवातून उतरलेल्या प्रत्येक जिवंत प्राण्याशी करार करतो, आणि मेघधनुष्य ही त्याची खूण. कुत्रा देव नाही. तो माझ्यासारखाच त्या कराराचा एक पक्षकार आहे. कोर्टकचेऱ्यांची सवय असलेल्या गोवेकराला ही भाषा लगेच कळते.

मग मासे-मटण सोडायचं का?

ज्याला सोडवेल त्याने सोडावं. नोहानंतर मांस खायला मुभा मिळाली (उत्पत्ति ९:३), मरणातून उठलेल्या येशूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला (लूक २४), आणि रोमकरांस पत्र १४ मध्ये खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये असं आहे. आमच्या गटात दोन शाकाहारी आहेत आणि नाताळला सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं कालवण) करणारी तीन घरं आहेत. मी स्वतः बांगडा सोडलेला नाही. पण दुचाकीच्या हँडलला पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्या नेणं आता डोळ्यांत खुपतं. कोंबडी खाणं आणि तासभर तिचे हाल करणं यातला फरक नीतिसूत्रे १२:१० ला नीट माहीत होता: नीतिमान आपल्या पशूच्या जिवाची काळजी वाहतो, दुष्टाची दयाही क्रूर असते.

आणि त्या कोकराचं काय?

नववीतल्या मुलीचा प्रश्न. शिंगरू सुटलं, कोकरू गेलं, हा कसला न्याय? जुन्या कराराच्या आतच या हिशेबाची अस्वस्थता आहे. होशेय ६:६ म्हणतो, मला यज्ञ नको, दया हवी, आणि येशू हे वचन मत्तयात दोनदा तोंडावर फेकतो. इब्री १०:४ तर सरळच म्हणतं की बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पापं जाणं शक्य नाही. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे शेवटचं कोकरू ख्रिस्त आहे, म्हणजे त्यानंतर कुठल्याही कोकराला माणसाच्या पापासाठी मरावं लागत नाही. मुलगी म्हणाली, "मग कोकरंपण सुटली." हे मी कुठल्या प्रवचनात ऐकलं नव्हतं.

धिर्यो, म्हणजे बैलांच्या झुंजी, ही आपली परंपरा आहे, त्यावर बोलायचा तुम्हाला काय अधिकार?

अधिकार काहीच नाही. १९९६ साली एका झुंजीत प्रेक्षकाचा जीव गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने झुंजींवर बंदी घातली. तरी त्या कुठे आणि कधी होतात हे गावोगावच्या पोरांना ठाऊक असतं. फेस्ताच्या निमित्ताने कुणी पैजा लावत असेल तर मी एवढंच विचारतो की सकाळच्या मीसला (चर्चमधल्या उपासनेला) ज्या संताची मूर्ती खांद्यावर घेतलीत, त्याला संध्याकाळी मैदानावर नेऊन बसवाल का? बैल प्रेमाने वाढवतात, खुराक घालतात, हे मी बघितलंय. त्या प्रेमाबद्दल शंका नाही. शिंगांना धार लावणाऱ्या हाताबद्दल आहे.

माणसं उपाशी असताना कुत्र्यांवर खर्च?

कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात या प्रश्नाची दोन्ही टोकं शेजारी-शेजारी आहेत. कलम २४१६: प्राणी देवाची निर्मिती आहेत, माणसाने त्यांच्याशी दयेने वागणं लागतं. कलम २४१८: त्यांना विनाकारण छळणं किंवा मारणं हे माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही, पण माणसांचं दुःख हटवायला जो पैसा आधी लागायला हवा तो त्यांच्यावर उधळणंही योग्य नाही. म्हणून आमचा नियम असा: वाड्यावरच्या कुणाच्या औषधाला पैसे हवे असतील तर त्या महिन्यात पैशांचा डबा माणसांसाठी उघडतो. भात मात्र बंद होत नाही, कारण तो हॉटेलांतून उरलेला असतो.

प्रेषित पौलाचं एक वचन आमच्या तोंडावर फेकतात, १ करिंथ ९:९: देवाला काय बैलांची काळजी आहे? मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नको हा नियम (अनुवाद २५:४) पौल तिथे कामकऱ्यांच्या मोबदल्यासाठी वापरतो. पण बैलाचा हक्क आधी खरा मानला तरच माणसाच्या हक्कापर्यंतची उडी मारता येते. येशूने हे जास्त सरळ केलं. लूक १३ मध्ये तो शब्बाथाच्या (यहुद्यांच्या विसाव्याच्या) दिवशी अठरा वर्षं वाकलेल्या बाईला बरं करतो, सभास्थानाचा अधिकारी चिडतो, आणि तो म्हणतो, तुम्ही शब्बाथाला गोठ्यातून बैल सोडून पाण्यावर नेता ना? मग हिला सोडायला नको? बैल सोडणं आणि बाई सोडवणं, एकच क्रियापद.

इतिहासातही हे दोन कप्पे वेगळे नव्हते. १८२४ मध्ये लंडनला जनावरांवरचा क्रूरपणा थांबवणारी जी पहिली मोठी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्यभर लढलेला विल्बरफोर्स होता. पुढाकार घेणारा आर्थर ब्रूम हा अँग्लिकन पाद्री संस्थेच्या कर्जापायी तुरुंगात गेला. म्हणजे डबा रिकामा असण्याची परंपराही जुनीच.

मोरजीची कासवं आणि बायबल, काही संबंध?

अनुवाद २२:६-७ वाचा. घरट्यात पिल्लं किंवा अंडी आणि त्यांवर बसलेली आई सापडली तर आईला घेऊ नको, सोडून दे, म्हणजे तुझं कल्याण होईल आणि तू दीर्घायुषी होशील. दीर्घायुष्याचं हेच वचन दहा आज्ञांत आईबापांचा मान राखणाऱ्याला दिलंय. पक्षिणीला सोडून देणारा आणि आईबापांना सांभाळणारा यांना एकच बक्षीस.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री वाळूत येऊन शंभरेक अंडी घालून जातात. पूर्वी ती अंडी काढून खायचे, विकायचे. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना सर्वांत वरचं संरक्षण आहे आणि वनखात्याची माणसं घरट्याला कुंपण घालून पहारा देतात. पण अंडी वाचवली म्हणजे झालं नाही. दीड-दोन महिन्यांनी निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. पाण्यावरच्या चांदण्याऐवजी शॅकचे दिवे त्यांना मागे खेचतात. मी कित्येक वर्षं चुलीवरचा मोठा दिवा रात्रभर चालू ठेवायचो, उंदीर येतात म्हणून.

चर्चमध्ये जनावरांना आशीर्वाद देतात का? कधी?

४ ऑक्टोबर, आसिसीच्या संत फ्रान्सिसचा दिवस, आणि १७ जानेवारी, मठवासी संत अँथनीचा. तुमच्या पॅरिशमध्ये होतो का ते फादरना विचारा. होत नसेल तर विचारल्याने सुरू होतो. १६ ऑगस्टच्या संत रॉकच्या मूर्तीपाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा नीट बघून घ्या. प्लेगने पडलेल्या संताला तो रोज पाव आणून द्यायचा अशी कथा आहे. पहाटे पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीमागे धावणारी आमची कुत्री त्याच घराण्यातली, फक्त उलट्या दिशेने काम करणारी.

तोबीतच्या पुस्तकात तरुण तोबियाबरोबर प्रवासाला देवदूत निघतो आणि त्यांच्यामागे कुत्राही. परतताना पुन्हा तो मागे असतो. कथेत त्याला काहीच काम नाही. हे पुस्तक बायकोच्या बायबलात आहे, आईच्या नाही. प्रोटेस्टंटांनी पुस्तक गाळलं तेव्हा कुत्राही गेला, असं मी आईला चिडवायचो.

कुत्रा चावला तर?

हे वचनं शोधायचं ठिकाण नाही. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मिरची, चुना, हळद, तेल काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि इंजेक्शनं सांगितलेल्या तारखांना पूर्ण घ्या. मधली चुकवू नका. गोव्यात २०१४ पासून कुत्र्यांचं मोठ्या प्रमाणावर लसीकरण झालं आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, पण शेजारच्या राज्यांतून कुत्री चालत येतात, त्यांना सीमा ठाऊक नाही. तुम्ही रोज ज्याला खाऊ घालता त्याला लस टोचून घेणं ही भातापेक्षा मोठी सेवा. नसबंदीही. दर सहा महिन्यांनी व्यालेल्या कुत्रीची पिल्लं पोत्यात भरून कुणी पुलावर सोडतं, तिथपर्यंत गोष्ट जाऊ द्यायची नाही.

प्राणी स्वर्गात जातात का?

लहान मुलं हे विचारतात आणि मोठी माणसं मुलांच्या नावावर विचारतात. उपदेशक ३:२१ म्हणतो, माणसाचा प्राण वर जातो आणि पशूचा खाली, हे कुणाला ठाऊक? यशया ११ मध्ये लांडगा कोकराजवळ राहतो. आम्ही रोमकरांस पत्र ८:१९-२१ वर जास्त वेळ थांबतो. सगळी सृष्टी देवाच्या पुत्रांच्या प्रकट होण्याची आतुरतेने वाट बघते आहे, कारण तीही नाशाच्या दास्यातून सुटणार आहे. नीट बघा, वाट कोण कुणाची बघतंय. प्राणी आपलं तारण करत नाहीत, ते आपलं तारण व्हायची वाट बघतायत. माणूस सुटेपर्यंत त्यांचीही सुटका अडलेली आहे. खड्ड्याच्या कडेला, नसलेल्या दाराकडे तोंड करून बसलेली ती तांबूस कुत्री मला या वचनात दिसते. ती माझी वाट बघत होती, आणि तेव्हा यायला मी अजून कुणीच नव्हतो.

तिने तुम्हाला क्षमा केली असेल, असं वाटतं?

नाही. तिला विचारता येत नाही, आणि आत्ता दारात झोपलेल्या सात जणांना तिच्या वतीने क्षमा करायचा अधिकार नाही. पहिली काही वर्षं मी त्यांच्याकडून तेच वसूल करत होतो. कुत्र्याने हात चाटला की जुनं खातं थोडं मिटलं असं धरायचो, न चाटणारा कुत्रा आवडायचा नाही. क्षमा मागायची ती देवाकडे मागितली. कुत्र्यांना फक्त जेवायला देतो. तेव्हापासून न चाटणारीही आवडतात.

इतकं करूनही जनावर मेलं तर?

मरतं. गेल्या पावसात तीन पिल्लांना डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा आजार) झाला. तिसऱ्याला आम्ही नऊ दिवस सिरिंजने पेज भरवली. शेवटी त्याचा जबडा आपोआप हलायचा, चघळल्यासारखा. डॉक्टर म्हणाले आता थांबवू, आणि थांबवलं. त्या रविवारी मत्तय १०:२९ काढलं: दमडीला दोन चिमण्या मिळतात, तरी तुमच्या पित्यावाचून त्यांतली एकही जमिनीवर पडत नाही. ती पडणारच नाही, असं येशू म्हणत नाही. लूकमध्ये भाव आणखी खाली आहे, दोन दमड्यांना पाच. म्हणजे पाचवी फुकटात वर टाकलेली. देवाला त्यांतल्या एकीचाही विसर पडत नाही, असं तिथे लिहिलंय. नऊ दिवसांत पिल्लाला नाव ठेवलं नव्हतं. पुरताना ठेवलं: पाचवी.

सुरुवात कुठून करू?

दारात पाण्याचं भांडं ठेवा. मातीचं, रुंद तोंडाचं, सावलीत. प्लास्टिकचं नको, दुपारी पाणी कढत होतं. रोज ओतून टाका आणि आतून खरवडून धुवा, नाहीतर शेवाळ धरतं आणि डास होतात. आणि भांड्यात एक काडी आडवी टाकून ठेवा, मधमाश्या बुडतात.